पाटीखालची अट

त्या सकाळी आमच्या वसतिगृहातली एक मुलगी लागोपाठ चार ग्लास पाणी प्यायली. पहिल्या ग्लासाच्या वेळी तिच्या चेहऱ्यावर सावली आली. दुसऱ्या वेळी मागचा फ्लेक्स वाऱ्याने दुमडला आणि कंपनीच्या नावातली पहिली दोन अक्षरं झाकली गेली. तिसऱ्या वेळी ती हसली नाही. चौथ्या वेळी हसली, ग्लास ओठाला लावला आणि फोटोग्राफरने अंगठा वर केला. सातवीतली मुलगी. तिसऱ्या ग्लासानंतर तिने माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी मानेनेच 'पी' म्हणून खुणावलं होतं. तिची ती नजर माझ्या मनातून गेलेली नाही.

ही गोष्ट मार्च २०१६ची. नाशिकजवळच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुलींसाठी एक छोटी संस्था वसतिगृह चालवते, तिथे मी हिशेब बघते. तेव्हा बावन्न मुली होत्या. बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरे थर बसायचे. मुलींच्या पोटाच्या तक्रारी कायमच्या. त्यामुळे एका मोठ्या कंपनीने पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन द्यायचं ठरवलं तेव्हा आम्हाला खरोखर आनंद झाला होता. एमओयू, म्हणजे दोघांतला करार, आला, तो मीच वाचला. नऊ पानं होती. पाटी किती बाय किती असावी, लोगो कुठल्या रंगात छापावा, मशीन, दरवाजा आणि मुलींचे टी-शर्ट या तिन्ही ठिकाणी नाव कसं असावं, दर तीन महिन्यांनी किती फोटो पाठवावेत, मुलींच्या प्रतिक्रियांचा व्हिडिओ किती मिनिटांचा असावा, हे सगळं त्यात मुद्देवार होतं. मशीन बिघडलं तर काय, यावर नऊ पानांत एक ओळ नव्हती. मी विचारलं. उत्तर आलं की यंदाच्या बजेटमध्ये फक्त मशीन बसतं, आणि बजेट ३१ मार्चच्या आत खर्च व्हायला हवं.

मशीन बसलं. मंडप, फ्लेक्स, हार, पाहुण्यांचं जेवण, फोटोग्राफर असा कार्यक्रमही झाला. त्या कार्यक्रमाचं मंडपवाल्याचं बिल चुकून आमच्या पत्त्यावर आलं, म्हणून मला आकडा कळला. मशीन एक लाख ऐंशी हजारांचं होतं आणि कार्यक्रमाला बेचाळीस हजार लागले होते. त्या बेचाळीस हजारांत मशीनचे फिल्टर कितीतरी वर्षं बदलता आले असते. दिवाळीपर्यंत आमच्या जड पाण्याने त्यातला मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, निकामी झाला. डिसेंबरात मुली पुन्हा जुन्या पिंपातलं उकळलेलं पाणी प्यायला लागल्या. पाटी मात्र करारानुसार तीन वर्षं काढता येत नव्हती. बंद मशीनवर कंपनीचं नाव चकचकीत होतं आणि त्याच्या खालून मुली पिंपाकडे जायच्या.

तेव्हापासून एक प्रश्न मला छळतो आणि तो कुणी ना कुणी मला विचारतंही: या कंपन्या देतात ते मनापासून, की स्वतःसाठी? पेपरात मोठ्या चेकचा फोटो आला की घरातसुद्धा हीच चर्चा. पुष्कळ वर्षं मीही याच प्रश्नात अडकले होते आणि माझं उत्तर कडू होतं. आता मला वाटतं, प्रश्नच थोडा बाजूला सरकवायला हवा.

आधी नावाबद्दल. माझ्या माहेरच्या गावी विठ्ठल मंदिरातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर तांबड्या रंगात कुणाच्या तरी आईचं नाव लिहिलेलं आहे. पायऱ्यांवर नावं आहेत, बाकड्यांवर आहेत, पाणपोईवर आहे. जत्रेत माइकवरून वर्गणीची यादी वाचतात: अमुक यांच्याकडून एकशे एक, तमुक यांच्याकडून एकावन्न, मंडळ आभारी आहे. आपलं नाव वाचलं जाईपर्यंत माणसं घरी जात नाहीत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही आणि मलाही वाटलं नाही. माझ्या आजीने आजोबांच्या पश्चात गावकीच्या भांड्यांत एक मोठं पितळी पातेलं दिलं होतं. त्याच्या काठावर नाव कोरलेलं होतं. लग्नकार्याला ते पातेलं या घरून त्या घरी फिरायचं आणि नाव असल्यामुळेच फिरून जागेवर यायचं. कल्हई उडाली की लोक आजीकडे निरोप द्यायचे आणि ती कल्हईवाल्याला पैसे द्यायची. पातेल्यावरच्या नावाचा अर्थ एवढा साधा होता: याची काळजी कोणी घ्यायची ते इथे लिहिलं आहे.

गुप्तदानाची थोरवी आपल्याला लहानपणापासून सांगितलेली असते. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार सांगितलेत, त्यात परतफेडीची किंवा फळाची आशा धरून, जड मनाने दिलेलं दान राजस ठरतं. त्या मोजमापाने कुठल्याच कंपनीचं दान सात्त्विक ठरणार नाही. पण ते मोजमाप देणाऱ्याने रात्री स्वतःला लावायचं आहे. तहानलेल्याने समोरच्या ओंजळीला ते लावत बसू नये. शिवाय हिशेब लिहिणारी बाई म्हणून मला दुसरी बाजूही माहीत आहे. आमच्यासारख्या धर्मादाय संस्थेला निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे आल्या तर प्राप्तिकर कायद्याने त्यावर तीस टक्के कर बसतो. देणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून ठेवणं भाग आहे. काळा पैसा संस्थांच्या पेट्यांतून पांढरा होऊ नये म्हणून हा नियम आला आणि तो योग्यच आहे. म्हणजे नाव लपवण्यात पुण्य असतं तसं पापही असू शकतं.

दुसरी गोष्ट, 'दान' हा शब्द. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. यालाच सीएसआर म्हणतात. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. सुरुवातीला खर्च केला नाही तर अहवालात कारण दिलं की भागायचं. २०२१ च्या जानेवारीपासून ती पळवाट बंद झाली. न खर्चलेली रक्कम आता वेगळ्या खात्यात किंवा सरकारने ठरवून दिलेल्या निधीत टाकावीच लागते. म्हणजे ज्या मशीनसाठी आमच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, ते मशीन कायद्याने ठरवलेल्या रकमेतून आलेलं होतं. कर भरला म्हणून कुणी हार घालून घेत नाही.

आपल्या भाषेने हा फरक फार आधी ओळखलेला आहे. 'दान' वेगळं, 'देणगी' वेगळी, 'वर्गणी' वेगळी. आणि 'देणं' हा शब्द तर दोन्हीकडून चालतो. देणं म्हणजे देण्याची क्रिया आणि देणं म्हणजे डोक्यावरचं कर्जसुद्धा. 'मी त्याचं देणं लागतो' म्हणताना आपण उपकार करत नसतो. ज्या गावाच्या जमिनीवर कारखाना उभा आहे, ज्या धरणाचं पाणी तो वापरतो, ज्या रस्त्यांवरून त्याचे ट्रक जातात, त्या गावाचं कारखान्यावर देणं आहे. कायद्यातही कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं असं लिहिलं आहे. (त्याची दुसरी बाजू अशी की देशात या खर्चात महाराष्ट्र सतत आघाडीवर असतो आणि तरी गडचिरोली, नंदुरबारच्या पाड्यांना त्याचा सुगावा कमीच लागतो, कारण तिथे कारखानेच थोडे आहेत. हे मला मनापासून खुपतं.) सीएसआरला मी मनात 'वर्गणी' म्हणते. वर्गणी देणाऱ्याला पावती मिळते, नाव यादीत लागतं, आणि मंडपाच्या खांबाला कुणी त्याचा पुतळा बांधत नाही.

आता त्या मुलीच्या चार ग्लासांकडे परत येते. कंपनीकडून ते सगळं पाहायला एक तरुण अधिकारी आली होती, जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. त्या दिवशी मला तिचा राग आला होता. मशीन बंद पडल्यावर मी तिला फोन केला. कंपनीकडून काही होणार नाही, असं ती म्हणाली. आणि पुढच्या रविवारी स्वतःच्या स्कूटरवरून आली, डिकीत दोन फिल्टर, तिच्या पगारातून घेतलेले. ते आमच्या मशीनला बसले नाहीत. मेंब्रेनच गेला होता. आम्ही दोघी त्या बंद मशीनसमोर चहा प्यायलो. ती म्हणाली, "मॅडम, वर बसलेल्यांना मी सांगते की काम झालं, तर ते विचारतात, कशावरून? फोटो कुठाय? मागे एका ठिकाणी कागदावर संडास बांधून झाले होते, प्रत्यक्षात एकही नव्हता. म्हणून फोटो." तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. प्रसिद्धीसाठी म्हणून मी ज्याचा तिरस्कार करत होते, त्याच फोटोच्या पोटात पुराव्याचीही गरज होती. मग मनापासून देणारं कोण होतं? स्कूटरवरून आलेली ती अधिकारी होती. कंपनी नव्हती, कारण कंपनीला मन नसतंच. तिला संचालक मंडळ असतं, ताळेबंद असतो, भागधारक असतात. मन असलेली माणसं तिच्या आत असतात आणि त्यांच्या हातात कित्येकदा दोन फिल्टरांहून जास्त काही नसतं.

याच प्रश्नाने मला नाशिकच्या पांडवलेण्यांत वेगळ्या नजरेने पाहायला लावलं. मुलींची सहल दर हिवाळ्यात तिथे जाते. त्रिरश्मी डोंगर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, पायऱ्या चढून गेलं की ओळीने लेणी. दहाव्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत लेख आहेत. क्षत्रप नहपान या शक राजाचा जावई उषवदात याने ते लेणं भिक्षुसंघाला दिलं, त्याची ही नोंद. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची. त्याची पाटी काही लहान नाही. त्याने तीन लाख गाई दिल्या, सोळा गावं दिली, भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसोर), नाशिकजवळचं गोवर्धन, शूर्पारक (सोपारा) इथे धर्मशाळा बांधल्या, पारादा, दमणा, तापी, डहाणूका अशा नद्यांवर होड्यांनी फुकट पार करण्याची सोय केली आणि काठावर पाणपोया घातल्या, असं सगळं त्यात कोरलेलं आहे. बाहेरून आलेला शक सरदार, नव्याने जिंकलेला मुलूख, आणि दानं ब्राह्मणांनाही, बौद्ध भिक्षूंनाही. त्याला आपलं राज्य लोकांच्या गळी उतरवायचं होतं, हे सांगायला इतिहासकार व्हायला नको. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर वैजयंती नगराच्या भूतपाल शेठीने लिहून ठेवलंय की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. यापेक्षा मोठी जाहिरात आजची कुठली कंपनी करणार?

पण उषवदाताच्या लेखात पुढे जे आहे, ते वाचून मी, एक हिशेबनीस, त्या ओसरीत खाली बसले. लेणं दिलं, एवढ्यावर तो थांबत नाही. तो ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून ठेवतो. त्यासाठी शब्द आहे 'अक्षयनीवी', म्हणजे मूळ रक्कम कधी न संपणारी. ही रक्कम गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली. एकीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. व्याजाला तिथे 'वढि' म्हटलंय, म्हणजे आपली वाढ. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त वाढ वापरायची. २००० च्या व्याजातून या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. मी मोबाइलवर हिशेब केला. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडे नाही, तिकडे नाही. आणि शेवटी लिहिलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, सर्वांना ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकवारात, म्हणजे नोंदणीच्या जागी, नोंदवलं.

ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं. जत्रेतल्या माइकवरची यादी आणि आमची पाटी, दोन्ही आली त्यात. उषवदाताने प्रसिद्धी केलीच की! पण ती प्रसिद्धी त्यालाच बांधून घालणारी होती. रक्कम किती, कुणाकडे ठेवली, दर काय, कुणाला किती मिळणार, हे सगळं ज्याला वाचता येतं त्याने वाचावं आणि चुकलं तर विचारावं. भिक्षूंच्या बाजूने लिहिलेली अट दगडात कोरलेली होती. आमच्या एमओयूमध्ये नऊ पानं अटी होत्या आणि त्यातली एकही मुलींच्या बाजूची नव्हती.

तेव्हापासून मी दानाची पाटी दिसली की नाव वाचत नाही, अट शोधते. आणि एकदा ही सवय लागली की मुंबईच दुसरी दिसायला लागते. माहीमचा कॉजवे घ्या. पूर्वी माहीम आणि वांद्र्याच्या मधे खाडी होती, माणसं होडीने जायची आणि पावसाळ्यात होड्या उलटायच्या. मुंबईचे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी तिथल्या रस्त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ साली तो खुला झाला. माहीमच्या बाजूने त्याला जोडणाऱ्या रस्त्याला आजही लेडी जमशेटजी रोड असं नाव आहे. आवाबाईंची अट एवढीच होती की या वाटेने जाणाऱ्यांकडून सरकारने टोल घ्यायचा नाही. भाजीची टोपली घेऊन जाणाऱ्या बाईच्या बाजूची अट. या घराण्याचा पैसा मोठ्या प्रमाणावर चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातून आला होता, हे मी विसरत नाही. तिकडे ज्यांची आयुष्यं त्या अफूने पोखरली त्यांच्या वतीने कुणी मला विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही आणि एखादं रुग्णालय बांधून ते उत्तर मिळतं असंही मला वाटत नाही. पण जमशेटजींच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयाच्या ओसरीत रात्र काढणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मला नाही.

परळचं केईएम रुग्णालय आणि जी. एस. मेडिकल कॉलेज यांचंही असंच. ती दोन्ही १९२६ साली सुरू झाली, तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या वरच्या जागा गोऱ्या डॉक्टरांकडे असायच्या. सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या मिळकतीतून पैसे देताना विश्वस्तांनी अट घातली की इथे शिकवणारे सगळे पात्र भारतीयच असतील. सेठजींचं नाव कॉलेजला लागलं, ते आजही आहे. पण त्या अटीमुळे जी माणसं प्राध्यापक होऊ शकली आणि त्यांच्या हाताखाली जे शिकले, त्यांचा उपयोग सबंध महाराष्ट्राला झाला. परळच्या त्याच रस्त्यांवर टाटा हॉस्पिटल आहे. १९४१ साली सुरू झालेलं. आमच्याकडे कुणाला कॅन्सर निघाला की 'टाटाला दाखवलं का?' असंच विचारतात. माझ्या मामीला आम्ही तिथे नेलं होतं. आवारातल्या झाडाखाली जमखान्यावर बसलेल्या, विदर्भातून, बिहारातून, आसामातून आलेल्या माणसांत बसून मी तीन महिने काढले. तिथे कुणाला त्या नावाचा राग आलेला मी पाहिला नाही. टाटा समूहाची मुख्य कंपनी टाटा सन्स, तिचे सुमारे दोन-तृतीयांश समभाग धर्मादाय न्यासांच्या मालकीचे आहेत. मुद्दल कंपनीत, लाभांश लोकांच्या कामाला. अक्षयनीवीच ती, विणकरांच्या श्रेणीच्या जागी उद्योगसमूह. त्या समूहाचं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की दान वर्षाच्या शेवटी उरलेल्या बजेटवर अवलंबून राहू नये, अशी घडण तिथे कुणीतरी आधीच करून ठेवली.

याच्या उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने १९९९ साली सुमारे साडेसात कोटी डॉलरची दानं केली आणि आपण दान करतो हे लोकांना सांगण्याच्या जाहिरातींवर सुमारे दहा कोटी डॉलर खर्च केले. तिथे प्रामाणिकपणा शोधायला मन चाचपायची गरजच नाही, दोन आकडे शेजारी ठेवले की पुरे. आमच्याकडच्या एक लाख ऐंशी हजार आणि बेचाळीस हजारांच्या शेजारी मी ते लिहून ठेवलेत. आपल्या नियमांत निदान एवढं लिहिलंय की मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरायचं नाही. पण मुलींच्या टी-शर्टवरचा लोगो जाहिरात आहे की नाही, हे कुठल्या नियमात नाही. ते ठरवायचं काम आमच्यासारख्यांचं होतं आणि आम्ही गरजेपोटी गप्प बसलो. ती खंत माझी आहे, कंपनीची नव्हे. घेणाऱ्यालाही अट घालता येते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात सुचलं. अंबड एमआयडीसीतला एक छोटा कारखानदार, स्क्रू आणि वॉशर बनवणारा, कुणाच्या तरी ओळखीने आला. दोन टक्क्यांचा कायदा लागू व्हावा एवढी त्याची उलाढाल नव्हती. त्याला आईच्या नावाने काहीतरी करायचं होतं आणि पाटी मोठी हवी होती. चांगली मोठी, संगमरवरी, आईचा फोटो असलेली. मी त्याला बंद मशीन दाखवलं आणि म्हटलं, "पाटी तुम्हाला हवी तेवढी लावू. पण माझी एक अट आहे. हे मशीन दुरुस्त करून द्या आणि दर जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी फिल्टर-मेंब्रेनचं बिल तुमच्याकडे येईल. पाटी आहे तोवर बिल. बिल थांबलं की पाटी उतरेल." माझा आवाज थोडा कापत होता, कारण समोरून 'जाऊ दे' आलं असतं तर मुलींचं पाणी गेलं असतं. तो थोडा वेळ मशीनकडे बघत उभा राहिला. त्याने मशीनचा पुढचा पत्रा स्वतःच उघडला, आतला गंजका स्क्रू बोटाने चाचपला आणि म्हणाला, "ताई, हा स्क्रूच चुकीचा वापरलाय. स्टेनलेसचा पाहिजे इथे."

कागदावर एक पान झालं. पैसे किती, कशासाठी, कधी, आणि मुलींचे फोटो काढायचे नाहीत. जुनी पाटी करार संपल्यावर २०१९ मध्ये काढली, तेव्हा भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला होता. शेजारी संगमरवरात त्याची आई आहे, डोक्यावरून पदर घेतलेली. मुली येता-जाता तिला 'पाण्याची आजी' म्हणतात. नऊ जून झाले. मी बिलाचा फोटो पाठवायचे आणि संध्याकाळपर्यंत त्याचं एका शब्दाचं उत्तर यायचं: पाठवले.

यंदा एक जूनला मी नेहमीप्रमाणे बिल पाठवलं. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच नंबरवरून फोन आला, आवाज वेगळा, तरुण. "काकू, बाबा फेब्रुवारीत गेले. मला काही माहिती नव्हतं, फोन बघत होतो तर दरवर्षीचे तुमचे मेसेज दिसले. तिथे आजीच्या नावाची पाटी आहे ना?"

आहे, मी म्हटलं.

"मग बिल परत पाठवा. आणि यापुढे या नंबरवर नको, माझ्या नंबरवर पाठवत जा. लिहून घेता का?"

मी हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर, त्याच्या बाबांच्या नंबरखाली, तो नंबर लिहून घेतला.